मानपत्र पापलेटला

२०२३ साली महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा केले. राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल होतेच. पण राज्याचे मानचिन्ह रवा लावून तळण्याची सोय पहिल्यांदाच झाली. मागणी सातपाटीच्या मच्छीमारांची होती आणि तिच्यामागे कौतुकापेक्षा काळजी अधिक होती: जाळ्यात पापलेट कमी येत होते, येत होते तेही लहान. म्हणजे टिळा लागला तो आटत चाललेल्या माशाला. कोणी म्हणेल, मान मिळाला की लक्ष जाते आणि संरक्षण होते. पण शेकरूला कवच दिले ते १९७२ च्या वन्यजीव कायद्याने, किताबाने नव्हे. पापलेटला हवी आहेत मोठ्या आसाची जाळी आणि पिल्लांची मासेमारी थांबवणारा पहारा. ट्रॉलरच्या जाळ्यात सापडलेल्या पिल्लाला शासन निर्णयाची प्रत दाखवून सुटता येत नाही.