अकरा किलोमीटरचा तोटा

एखादी सार्वजनिक सोय मोडीत काढायची असेल तर तिच्यावर कुदळ चालवावी लागत नाही. तिला स्वतःची हिशेबवही द्यावी आणि तिच्या प्रतिस्पर्ध्याला मात्र देऊ नये. बाकीचे काम ऑडिटर करतो. मुंबई बंदराची रेल्वे याच रीतीने गेली. 1915 साली सुरू झालेली ही रेल्वे बॅलार्ड पिअर ते वडाळा अशी जेमतेम 11 किलोमीटर धावे. पण वाटेत तिला इतके फाटे फुटले होते की गोदीतले, वखारींतले आणि कारखान्यांच्या दारातले सगळे रूळ धरले तर लांबी 130 किलोमीटरच्या आसपास भरे. वडाळ्याच्या यार्डात ती मध्य आणि पश्चिम रेल्वेला मिळे. म्हणजे जहाजातून उतरलेला माल मुंबईच्या एकाही चौकात न खोळंबता थेट उत्तरेकडे निघू शके. माणसेही निघत, विलायतेहून बोटीने आलेले साहेब बॅलार्ड पिअरच्याच स्थानकात गाडीत बसून पंजाबच्या दिशेने रवाना होत. या रेल्वेची शंभरी भरली आणि पुढे थोड्याच वर्षांत वाघिणींची ये-जा थांबली. कारण ठरलेले होते: भार नाही आणि तोटा आहे.

तोटा होता, हे मान्य करू. प्रश्न एवढाच की तो कोणाच्या वहीत होता. रेल्वेच्या फाट्याला आपले रूळ स्वतः सांभाळावे लागतात. सांधेवाला, फाटकवाला, शंटिंगचे इंजिन, सिग्नल, स्लीपर, पावसाळ्यात उपसायचे गटार हा सगळा खर्च एकाच पानावर, एकाच नावाने पडतो, आणि वर्षअखेरीस त्याची बेरीज एखाद्या साहेबाच्या टेबलावर येते. ट्रकला ही अडचण नाही. त्याचा रस्ता पालिका बांधते, त्याच्यासाठी चौकात उभा राहणारा हवालदार राज्य सरकारचा, त्याने पाडलेला खड्डा जनतेचा, आणि त्याचा धूर तर अगदीच लोकशाही पद्धतीने सर्वांना समान वाटला जातो. ट्रक पथकर आणि डिझेलवरचा कर भरतो, असे सांगितले जाईल. भरतोच. पण अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात वाहने मुद्दाम फिरवून रस्त्यांची परीक्षा घेतली गेली, तेव्हा दिसले की एका आसावरचे वजन वाढले की रस्त्याची झीज साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढते. अर्ध्या टनाचा भार टेकवणारा मोटारीचा आस आणि दहा टनांचा ट्रकचा आस यांच्या झिजेची तुलना त्या सूत्राने केली तर उत्तर लाखाच्या पुढे जाते. मोटारीच्या लाखपट कर भरणारा ट्रकमालक अजून जन्माला यायचा आहे. उलट 2018 साली केंद्र सरकारने ट्रकच्या आसावरच्या वजनाची मर्यादाच वाढवून दिली. रस्ता काही तक्रार करत नाही. तो नुसता खचतो, आणि खचलेल्या रस्त्याचा खर्च मालवाहतुकीच्या नावावर न पडता ‘पावसाळी दुरुस्ती’ या शीर्षाखाली पडतो.

मात्र खुनाचा सगळा आळ ट्रकवर घालणे अन्यायाचे होईल. घरचे लोकही सामील होते. 1980च्या दशकात भारतीय रेल्वेने सुट्या वाघिणींचा माल घेणे टप्प्याटप्प्याने मोडीत काढून पूर्ण रेकचा आग्रह धरला. बंद वाघिणींचा रेक म्हणजे साधारण 42 वाघिणी आणि अडीच हजार टनांच्या आसपास माल. खाणीतून वीजकेंद्राकडे कोळसा न्यायचा असेल तर याहून शहाणी पद्धत नाही. सुट्या वाघिणी यार्डायार्डात दिवसचे दिवस अडकत, तो घोळ यामुळे संपला. पण शहरातली सायडिंग जन्माला आली होती तीच मुळी एका गोदामासाठी, एका गिरणीसाठी, दोन-चार वाघिणींसाठी. तिला रेकभर माल एकदम आणा म्हणून सांगणे म्हणजे साखर मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला वाण्याने साखर कारखाना विकत घ्यायला सांगणे. शिवाय सायडिंग ज्याची, त्याच्याकडून रेल्वेच्या जमिनीचे भाडे घ्यायचे, तिथे नेमलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांचा पगार घ्यायचा, आणि वाघीण वेळेत रिकामी झाली नाही तर विलंब आकार घ्यायचा. डिसेंबर 2021 मध्ये रेल्वेने गतिशक्ती माल टर्मिनलांचे धोरण आणले आणि त्यात हे जमिनीचे भाडे, खात्याचे शुल्क, कर्मचाऱ्यांचा बोजा असे बरेच काही माफ करून टाकले. सायडिंगवाल्याच्या पाठीवर नेमके काय लादले होते, याची इतकी स्वच्छ कबुली कोणत्याही चौकशी समितीने दिली नसती. फक्त ही माफी येईपर्यंत शहरातल्या कित्येक सायडिंगांवर झाडे उगवली होती.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत देशातल्या मालवाहतुकीचा चार-पंचमांशाहून मोठा वाटा रेल्वेकडे होता. आता तो पाव हिश्शाच्या थोडा वर आहे. राष्ट्रीय रेल्वे आराखडा म्हणतो की 2030पर्यंत तो 45 टक्क्यांवर न्यायचा. माल जिथे तयार होतो आणि जिथे खपतो, त्या शहरांतले फाटे उखडून हा वाटा वर कसा जाणार, याचे उत्तर आराखड्याच्या कुठल्या तरी पुरवणीत असेलच.

यावर पहिला आक्षेप येतो तो भक्कम आहे. बंदरच हलले, तिथे रेल्वे काय करणार? 1989मध्ये न्हावा-शेवा सुरू झाले, कंटेनरचा जमाना आला, उथळ आणि शहराने वेढलेल्या जुन्या गोदीकडचा माल खाडीपलीकडे गेला. 1982च्या संपानंतर गिरण्या बसल्या. कॉटन ग्रीन स्थानकाच्या नावात कापूस उरला, आसपास नाही. हे सगळे खरे. 1915चा भार 2015मध्ये नव्हता आणि तो परत आणण्याचा हट्ट कोणी शहाणा धरणार नाही. पण गिरण्या गेल्यावर मुंबईकरांनी खाणेपिणे आणि घरे बांधणे सोडले, अशी बातमी ऐकिवात नाही. आज शहरातला जड माल कोणता, हे कुठल्याही रस्त्यावर पाच मिनिटे उभे राहिले तरी कळते: सिमेंट, खडी आणि पोलाद आत येते, राडारोडा, भुयारातली माती आणि कचरा बाहेर जातो. पुनर्विकासाच्या इमारती शिवडी, वडाळा, परळ, माझगाव या पट्ट्यात, म्हणजे नेमक्या त्या मेलेल्या रुळांच्या शेजारी उगवत आहेत. जड, स्वस्त, नाशवंत नसलेला आणि रोज त्याच वाटेने जाणारा माल ही तर मालगाडीची व्याख्या झाली. भार संपला नव्हता, बदलला होता. तो शोधायला जाणे हे कोणाच्याच नोकरीच्या कामात बसत नव्हते.

दुसरा आक्षेप सोयीचा. ट्रक दारापर्यंत येतो. गाडीचा माल मालधक्क्यावर उतरवा, पुन्हा टेम्पोत चढवा, हमाली दोनदा द्या. दहा पोती कांद्यासाठी हा आक्षेप पुरेसा आहे आणि दहा पोती कांदा रेल्वेने आणावा असे इथे कोणी म्हणत नाही. पण अडीच हजार टन म्हणजे पंचवीस टनी ट्रकांच्या शंभर खेपा. त्या खेपांतले शंभर चालक, शंभर वेळा ओलांडलेले नाके, यांच्यासमोर एका धक्क्यावरची दुसरी हमाली मोठी वाटत असेल तर पुन्हा वहीचाच प्रश्न येतो: हमाली व्यापाऱ्याच्या वहीत पडते, कोंडी आपल्या. तिसरा आक्षेप लोकलचा, आणि त्याला सहज झटकता येत नाही. बंदराचे रूळ वडाळ्यापर्यंत स्वतःचे होते, पण पुढे लोकलच्या गर्दीत घुसावे लागते, आणि लोकल थांबवून सिमेंट सोडा म्हणणारा माणूस दुसऱ्या दिवशी मुंबईत सुखरूप राहणार नाही. मालगाडीला मोकळीक मिळेल ती मध्यरात्रीनंतरच्या दोन-तीन तासांचीच. पण दक्षिण मुंबईत अवजड वाहनांना दिवसा मज्जाव आहेच. ट्रकनेही रात्रीच यायचे. त्या दोन-तीन तासांत एक रेक आत आणि एक बाहेर गेला तरी दोनशे ट्रक रस्त्यावरून कमी होतात.

आणि हे काही परग्रहावरचे स्वप्न नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, प्लेगने घाबरलेल्या मुंबई नगरपालिकेने शहराचा कचरा रेल्वेने चेंबूरच्या दलदलीकडे पाठवायला सुरुवात केली होती. वाफेचे इंजिन, गोरा साहेब आणि ओला-सुका असा कोणताही भेद न करणारा कचरा, तरी गाडी धावत होती. ज्यूरिखने 2003 साली जुन्या ट्रामचे डबे घेऊन अवजड कचरा गोळा करायला सुरुवात केली, तेव्हा त्याचे जगभर कौतुक झाले. आपण तो प्रयोग शंभर वर्षे आधी करून, पुरेसा अनुभव घेऊन, डंपरकडे प्रगती केली.

शेवटचा आक्षेप कोणी मोठ्याने बोलत नाही, पण सगळे निर्णय त्यानेच होतात: ही जमीन फार मोलाची आहे. पूर्व किनाऱ्यावर बंदराच्या ताब्यात सुमारे 1,800 एकर. तिथे मरिना हवा, क्रूझ टर्मिनल हवे, शिवडीहून घारापुरीला समुद्रावरून रोपवे हवा. जमिनीवरच्या रुळांवरून पोलाद नेणे अव्यवहार्य आणि समुद्रावरच्या दोरीवरून पर्यटक नेणे व्यवहार्य, हा अर्थशास्त्रातला नवा सिद्धान्त आहे. त्याच परिसरातून चेंबूर ते जेकब सर्कल मोनोरेल धावली. तिच्या डब्यांत माणसे शोधावी लागत, पण ‘भार नाही’ या कारणाने ती उभारणे कोणी थांबवले नाही. तोटा नवा असेल तर त्याला गुंतवणूक म्हणतात.

रुळांचा पट्टा ही जमीन म्हणून मुळात वाईट चीज आहे. वीस-तीस फूट रुंद, वाकडी आणि लांब. तुकडे केले तर एका तुकड्यावर धड वाहनतळही मावत नाही. तिची सगळी किंमत ती सलग असण्यात आहे. न्यूयॉर्कची हाय लाइन हा 1934 साली सुरू झालेला मालगाडीचा उन्नत मार्ग. 1980मध्ये गोठवलेल्या टर्की कोंबड्यांचे तीन डबे घेऊन तिथे शेवटची गाडी गेली, आणि 2009पासून तिथे बाग आहे. आपल्याकडच्या सादरीकरणांत अशा बागांची चित्रे लोकांना फार आवडतात. पण ती बाग होऊ शकली, कारण जो पट्टा उरला तो सलग उरला. इथे तर एका तुकड्यावर गोदाम, दुसऱ्यावर वाहनतळ, तिसऱ्यावर झोपड्या, चौथ्यावर एखाद्या पुलाचा खांब, असे झाले की मालगाडीही गेली, बागही गेली, आणि उद्या कोणाला सायकलमार्ग सुचला तर तोही गेला. रूळ पुन्हा टाकता येतात. त्याला काही महिने लागतात. भर शहरातून 11 किलोमीटरचा सलग पट्टा पुन्हा संपादन करायला भूसंपादन कायदा, न्यायालये आणि दोन पिढ्या लागतील.

म्हणून मागणी छोटी आहे. रूळ भंगारात विकायचे असतील तर विका. पोलादाला भाव बरा मिळतो. पण बंदराच्या जमिनीच्या आराखड्यात बॅलार्ड पिअर ते वडाळा हा पट्टा वाहतुकीसाठी आरक्षित ठेवा आणि त्याच्या आड एकही खांब येऊ देऊ नका. असे आराखडे हरकती आणि सूचनांसाठी खुले होतात, मुदतही बहुधा ऐन सणासुदीत संपते, आणि ‘एकही हरकत आली नाही’ असा शेरा मारून फाइल पुढे जाते. पुढच्या वेळी वाचकांनी या एका ओळीची हरकत तेवढी नोंदवावी, आणि पोच घ्यायला विसरू नये.