दोन एकरांत स्वयंपूर्ण साल : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

नोकरी सोडलेल्या, सोडू पाहणाऱ्या आणि शनिवार-रविवारपुरती सोडलेल्या सर्व होतकरू शेतकऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. नाशिक जिल्ह्यात, गिरणाऱ्याच्या पुढे, घोटीच्या अलीकडे नाहीतर दिंडोरीच्या आसपास तुम्ही दोन एकर घेतलेत, असं धरून चालू. आजोबांच्या कोकणातल्या सातबाऱ्यावर, हिस्सेदारांच्या लांबलचक रांगेत, तुमचंही नाव सापडलं आणि महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला लागणारं शेतकरीपण कागदोपत्री सिद्ध झालं. उरलेलं सिद्ध करायला वर्षाची उद्दिष्टं लागतात. ती कशी ठरवायची, ते इथे क्रमाने सांगितलं आहे. क्रम मध्येच मोडेल. शेतातही मोडतो.

पहिलं उद्दिष्ट फाटकावरच्या पाटीचं. 'मृद्गंध', 'शिवार' किंवा आईच्या नावापुढे 'फार्म', काहीही चालेल. पाटीला पाणी लागत नाही, तिच्यावर करपा पडत नाही आणि वर्षअखेरीस पूर्ण झालेलं एक तरी उद्दिष्ट पाहुण्यांना दाखवता येतं.

आता मुहूर्त. एक जानेवारीला नव्या डायरीत काही लिहू नका. त्या दिवशी निफाडकडे उन्हाळ कांद्याची लागण चालू असते, गहू चांगला वर आलेला असतो, द्राक्षाचे मणी फुगत असतात. म्हणजे निम्मं साल सरलेलं असतं आणि तुम्ही संकल्प सोडत बसलेले असता. शेतीचं साल पाडव्याला नाहीतर अक्षय्यतृतीयेला बदलतं. सालगड्याचा करारही तेव्हाच होतो. मी तर म्हणेन, त्याहूनही थोडं थांबा. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात भर दुपारी विहिरीच्या काठावर जा आणि आत डोकावून बघा. किती परस पाणी आहे? तळ दिसत असेल तर यादीतल्या उन्हाळी भाज्या, स्ट्रॉबेरी आणि मत्स्यपालन तिथेच खोडा. पेन सोबत न्यावं. ऑगस्टमध्ये, चहूकडे हिरवंगार असताना आणि धबधबा बघून परतताना केलेली यादी कायद्यानेच रद्द ठरवायला हवी.

दुसऱ्याची यादी उतरवून घेऊ नका, हेही इथेच सांगतो. जिल्हा एकच असला तरी पाऊस एक नाही. इगतपुरीत सालाला तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो, सिन्नर-येवल्याकडे पाचशे-सहाशेवर वर्ष काढावं लागतं. इगतपुरीचा मित्र जुलैत चिखलात उतरून भाताची आवणी करतो. तुम्ही सिन्नरला तेच करायला गेलात तर भात उभा वाळेल, आणि तुमची बाजरी त्याच्याकडे पेरली तर कुजेल.

पुढची पायरी किराणा दुकानाची आहे. बहुतेक जण ती गाळतात आणि थेट रोपवाटिकेत जाऊन ॲव्होकॅडो घेतात. मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा आणि घर नेमकं काय खातं ते बघा. चार माणसांचं घर आहे. माणशी रोज तीनशे ग्रॅम गहू धरला तर वर्षाला साडेचार क्विंटलच्या आत काम भागतं. पाण्याखालच्या एकरात पंधरा क्विंटल पिकला तर त्यासाठी बारा गुंठे पुरे. तूरडाळ महिन्याला पाच किलो, वर्षाला साठ. तेवढ्या डाळीला पंच्याऐंशी किलो तूर लागते, म्हणजे एकरी पाच क्विंटलच्या हिशेबाने सात गुंठे. तेल महिन्याला साडेतीन किलो. त्याला भुईमुगाच्या शेंगा दीडेक क्विंटल, म्हणजे नऊ गुंठे. भाजीला तीन, मिरची-लसूण-कोथिंबिरीला एक. आणि कांदा? रोज अर्धा किलो खाल्ला तरी वर्षाला पावणेदोन क्विंटलच्या थोडा वर जातो, आणि गुंठ्याला दोन क्विंटल कांदा सहज निघतो. म्हणजे एक गुंठा. तेहतीस फूट बाय तेहतीस फूट. घरादाराच्या डोळ्यांत वर्षभर पाणी आणायला एवढी जागा पुरते.

बेरीज झाली तेहतीस गुंठे. एकरसुद्धा भरला नाही, आणि खरिपाचा भुईमूग निघाल्यावर त्याच जागी गहू घेतला तर ती आणखी खाली येते. कागदावर तुम्ही स्वयंपूर्ण झालात, अभिनंदन. लोकांची घसरण उरलेल्या सत्तेचाळीस गुंठ्यांपासून सुरू होते.

हिशेबाची ही रीत माझी नाही. गणिताचे प्राध्यापक असलेल्या श्रीपाद अच्युत दाभोळकरांनी 'प्रयोग परिवारा'च्या कामातून, पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे पुरू शकतात, असं मांडलं. नवशेतकऱ्यांना त्यातला 'दहा गुंठे' एवढाच आकडा पाठ असतो. पानांवर पडणाऱ्या उन्हाचा हिशेब ठेवायचा, काडीकचरा गोळा करून माती घडवायची, झाडाजवळ बसून नोंदी करायच्या, हा भाग वगळून पुस्तक मिटलं जातं. दहा गुंठ्यांत ते जमतं, कारण माणूस त्या दहा गुंठ्यांत हजर असतो. तो शुक्रवारी रात्री कसारा घाटात ट्रकच्या मागे अडकलेला नसतो.

सत्तेचाळीस गुंठ्यांकडे वळू. तिथे पहिली गाय येते. देशी हवी, असं ठरलेलं असतं, आणि या भागात त्याचं उत्तर तयार आहे : डांगी. इगतपुरी-त्र्यंबक-अकोले पट्ट्यातल्या धो धो पावसात टिकणारी ही जात आहे, पण दुधासाठी ती प्रसिद्ध नाही. दिवसाला दोन-तीन लिटर दिलं तर आभार माना. त्या बदल्यात तिला रोज वीस-पंचवीस किलो ओला चारा हवा, सुका वेगळा, आणि ती भाकड असतानाही तेवढाच हवा. यादीत 'घरचं दूध' असं लिहिलं असेल तर खालच्या ओळीत 'दिवाळीला कुठेही जाणार नाही' असं लिहा आणि त्यावर घरातल्या सगळ्यांच्या सह्या घ्या. कोंबड्यांचं कमी शब्दांत सांगतो : बारा आणा. मुंगूस, रानमांजर आणि बिबट्या यांचीही वर्षाची उद्दिष्टं असतात आणि ते तुमच्यापेक्षा नियमित काम करतात. पंपाची वीज रात्रपाळीची असेल तर बारे द्यायला तुम्हाला बिबट्याच्याच वेळी बाहेर पडायचं आहे, हे लक्षात ठेवा.

मग कांद्याचा मोह. शेजारचे नाना दोन एकर लावतात, म्हणून तुम्ही अर्धा लावता. घराला हवा होता एक गुंठा. उरलेल्या एकोणीस गुंठ्यांचा कांदा ट्रॉलीत भरून लासलगाव नाहीतर पिंपळगावच्या लिलावात उभा राहतो, आणि तिथे तुमच्या डायरीला कोणी विचारत नाही. २०२३ चा नोव्हेंबर संपता संपता निफाड-चांदवडकडे गारपिटीने द्राक्षबागा झोडपल्या. पंधरवडा उलटायच्या आत, ८ डिसेंबरला, केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. ती बंदी ४ मे २०२४ ला उठली, तोवर उन्हाळ कांदा निघूनही गेला होता. पिढ्यान् पिढ्या कांदा करणारी माणसं त्या पाच महिन्यांत हतबल झाली. तुमच्या कांद्याच्या भावाचं उद्दिष्ट दिल्लीतही ठरत असतं, त्यामुळे विकायचं पीक स्वयंपूर्णतेच्या यादीत घालू नका. कांदाचाळ बांधायच्या आधी हे वाक्य परत वाचा.

आता त्या तेहतीस गुंठ्यांतलं धान्य घरात येईपर्यंतचा प्रवास. गहू पिकेल, त्याची मला शंका नाही. पण बारा गुंठ्यांसाठी हार्वेस्टर आत वळत नाही. मळणीयंत्रवाला शेजारच्या पाच एकरांचं आटपून येतो, म्हणजे बहुधा अवकाळी पाऊस पडून गेल्यावर. तुरीची डाळ करायला डाळमिल लागते, शेंगांना घाणा लागतो, आणि दोन पोती घेऊन गेलात की घाणेवाला आधी पोत्यांकडे आणि मग तुमच्याकडे बघतो. भाजी खुडायला माणूस हवा असतो तेव्हा पेठ-सुरगाण्याहून आलेल्या टोळ्या द्राक्षबागांत गुंतलेल्या असतात.

पूर्वीचा शेतकरी सगळं घरचं खायचा, असं शहरात फार बोललं जातं. एकटं घर तसं कधी चालत नव्हतं. चालत होतं ते गाव. सुतार औत भरायचा, लोहार फाळ शेवटून द्यायचा, कुंभार मडकी द्यायचा आणि खळ्यावर ज्याचं त्याचं बलुतं मोजलं जायचं. त्या मोजण्यात अन्याय भरपूर होता, तो परत आणायचं कारण नाही. पण मोठं काम निघालं की सावड आणि इर्जिक होती, आणि मीठ तेव्हाही बाजारातूनच यायचं. म्हणून कुंपण घालून आत एकट्याने सगळं पिकवायचा बेत मला शेतीपेक्षा शहरी फ्लॅटचा वाटतो, फक्त दार मोठं. डायरीत एक पान यासाठी राखा : कोणाचं मळणीयंत्र, कोणाचा घाणा, कोणाचं दूध. आणि कोणाच्या कांदा काढणीला आपण जायचं. ती शनिवारी असते. मीटिंग आहे हे कारण एकदाच चालतं.

विकत घ्यायच्या वस्तूंची यादी आधी करा, पिकवायच्या वस्तूंची नंतर. चहा, साखर, मीठ आणि जिरं पहिल्या यादीत जातात. पहिल्या वर्षी गहू आणि तेलही तिथेच जाऊ द्या. दुसऱ्या यादीत एक गुंठा कांदा, तीन गुंठे भाजी, सात गुंठे तूर लिहा आणि वही मिटा. घोटीकडे असाल तर तुरीऐवजी भात. उरलेल्या एकोणसत्तर गुंठ्यांत मृगाचा पाऊस झाला की ताग पेरा आणि फुलावर येताच नांगराने गाडून टाका. 'काहीच लावलं नाही का?' असं नाना विचारतील, तेव्हा माती करतोय म्हणून सांगा. तागाचं बियाणं मात्र मेमध्येच आणून ठेवा, जूनमध्ये मिळत नाही.