बिनजिभेचा दुभाषी

2025 च्या जुलै महिन्यात कर्नाटकचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या एका यंत्राच्या हातून वारले. काही लोकांनी या घटनेचा विनाकारण बाऊ केला. म्हणून तिची उजळ बाजू वाचकांपुढे ठेवणे हे आम्ही आमचे नागरी कर्तव्य समजतो.

घडले ते असे. ज्येष्ठ अभिनेत्री बी. सरोजादेवी 14 जुलैला निवर्तल्या. मुख्यमंत्र्यांनी त्यांचे अंत्यदर्शन घेतले आणि तसे समाजमाध्यमावर कन्नडमध्ये लिहिले. मेटा कंपनीच्या यंत्राने लगेच त्याचे इंग्रजी केले. त्या इंग्रजीत बाई राहिल्या बाजूला आणि मुख्यमंत्रीच गेले. वर, गेल्यानंतर अंत्यदर्शनही त्यांनीच घेतले. त्यांच्या माध्यम सल्लागारांनी कंपनीला पत्र धाडले, की भाषांतर अचूक होईपर्यंत कन्नडचा हा आपोआप होणारा उद्योग थांबवा. कंपनीने दिलगिरी व्यक्त केली, चूक सुधारल्याचे कळवले आणि प्रकरण मिटले.

आता शांत डोक्याने विचार करा. हीच चूक एखाद्या तालुका वार्ताहराने केली असती तर त्याची नोकरी गेली असती, गुन्हा नोंदला गेला असता, कार्यालयावर दगड पडले असते आणि तो कोणत्या पक्षाचा, कोणत्या जातीचा, याची चौकशी झाली असती. यंत्राला पक्ष नाही, जात नाही आणि पोटही नाही, त्यामुळे पोटावर पाय यायचा प्रश्नच नाही. कोणाचेही नुकसान न होता एक मुख्यमंत्री गेला आणि परत आला. प्रशासन इतके सुटसुटीत याआधी कधी झाले होते?

यंत्राच्या बाजूने हेही सांगितले पाहिजे, की दोष थोडा आपल्या भाषांचाच आहे. आपण निघताना ‘येतो’ म्हणतो. नारळ फोडतो आणि ‘वाढवला’ म्हणतो. कचेरीत ‘साहेब गेले’ असे शिपायाने सांगितले, की जेवायला गेले, बदलून गेले की देवाघरी गेले, हे त्याच्या चेहऱ्याकडे बघून ओळखावे लागते. हा अडाणीपणा किती दिवस चालवायचा? चेहरा बघायची गरज पडणारी भाषा व्यापाराच्या कामाची नाही, हे जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांनी ठरवून टाकले आहे. आपण फक्त वेळेवर सुधारायचे आहे.

कर्नाटकातल्या आमच्या जोयडा तालुक्यात तर ही सुधारणा फारच निकडीची आहे. गुंदसारख्या गावात माणूस घरात कोकणी बोलतो, भजनाला मराठीत उभा राहतो आणि कचेरीत कन्नड कागदापुढे गप्प बसतो. त्यात कुणब्यांची बोली वेगळी, सिद्दींची वेगळी. एवढ्या भाषा एका जंगलात ठेवून आपल्या पूर्वजांनी काय साधले कोण जाणे. या घोळातून वाट काढायला एक माणूस असतो. तालुका कचेरीबाहेर लाकडी बाकावर बसणारा, अर्ज लिहून देणारा. त्याच्या कामाची पद्धत किती मागासलेली आहे ते पाहा. लिहिण्याआधी तो विचारतो. “मावशी, जमीन तुझ्या नावावर की दिराच्या? आधी ते सांग, मग लिहितो.” मावशी मग दिराची सगळी कहाणी सांगते, त्यात अर्धा तास जातो. शेवटी तो चार ओळी लिहितो आणि वाचून दाखवतो. अर्ज फेटाळला गेला तर मावशी दुसऱ्या सोमवारी त्याच बाकापुढे येऊन उभी राहते आणि चारचौघांत त्याला फैलावर घेते. त्याला ऐकून घ्यावे लागते, कारण त्याला नाव आहे, घर आहे, आणि बाजाराच्या दिवशी तोंड चुकवायला जागा नाही.

यंत्राने ही सगळी कटकट संपवली. ते विचारत नाही, लिहिते. गूगलच्या भाषांतरात 2022 पासून कोकणीही आहे. कोकणी पाच लिप्यांत लिहिली जाते आणि आमच्याकडची कुणबी कोकणी तर बहुतांशी लिहिलीच जात नाही, हे क्षुल्लक तपशील झाले. कोकणी म्हटली की एकच असली पाहिजे, नसेल तर तिने तसे होऊन यावे. आमच्या भागातल्या बारीकशा शब्दाशी गाठ पडली, तरी ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणण्याचा दुबळेपणा यंत्र सहसा दाखवत नाही. हा गुण अंगी यायला आमच्या अधिकाऱ्यांची उभी नोकरी जाते, यंत्र तो जन्मतःच घेऊन येते. ‘उचलली जीभ लावली टाळ्याला’ ही म्हण आपण आजवर हिणवण्यासाठी वापरली. जीभ आणि टाळा दोन्ही नसताना जो हेच करून दाखवतो, त्याला निदान शाल-श्रीफळ तरी द्यायला हवे.

एक उदाहरण घेऊ. जोयड्याच्या कुणब्यांचे कंद प्रसिद्ध आहेत. त्यांचा मेळावा भरतो, लांबून लोक बघायला येतात. त्यातल्या एका कंदाला म्हणतात कोन. उद्या कोणी हौशीने हे कंद ऑनलाइन विकायला काढले आणि यंत्राने कोनाचे भाषांतर भूमितीतल्या कोनाने केले, तर बिघडले कुठे? परदेशातले गिऱ्हाईक किलोभर कोन मागवील आणि कोनमापकाने मोजून घेईल. पण याच जंगलात दुसरा एक शब्द आहे, कुमरी. डोंगरउतारावर झाडोरा तोडून, जाळून, फिरती शेती करायची, ती कुमरी. 2006 च्या वनहक्क कायद्याप्रमाणे अनुसूचित जमातीत नसलेल्या माणसाला तीन पिढ्यांची, म्हणजे 75 वर्षांची, वहिवाट दाखवावी लागते. गोव्यातल्या कुणब्याला 2003 पासून जमातीचा दर्जा आहे. हद्दीच्या अलीकडचा त्याचा भाऊबंद अजून तो मागतोच आहे, तेव्हा त्याला 75 वर्षे दाखवणे भाग. आता ‘आजोबा इथे कुमरी करत’ या वाक्यातल्या कुमरीची यंत्राने कुमारी केली, तर आजोबांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडतील आणि जमीनही जाईल. पण सरकारी फायलीत एखादा रसाळ कागद आला याचा आनंद आपण मोठ्या मनाने मानू. बाकावरच्या माणसाकडून असली प्रतिभा कधीच प्रकट झाली नसती. त्याचे आजोबाही कुमरीच करत होते.

न्यायदानालाही या प्रतिभेचा स्पर्श झाला आहे. 2024 च्या डिसेंबरात बेंगळुरूच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाने एका निकालात असे काही निवाडे आधाराला घेतले, जे कोणत्याच न्यायालयाने दिले नव्हते. संशय यंत्रावर गेला आणि निकाल थोड्याच दिवसांत मागे घेतला गेला. आम्हाला हे घाईचे वाटते. आपल्या न्यायालयांत खटले तुंबलेत ते खरे निवाडे होईपर्यंत थांबावे लागते म्हणून. न झालेल्या निवाड्यांवर काम भागत असेल तर केवढा वेळ वाचेल! सीमाप्रश्नाचेच बघा. 1956 साली आमचा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. 1967 साली महाजन आयोगाचा अहवाल आला. 2004 साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला आणि तारखा अजून पडताहेत. यंत्राला सांगितले असते तर त्याने 2004 च्याच दुपारी निकाल दिला असता, आणि दोन्ही बाजूंच्या समाधानाला दोन वेगवेगळे दिले असते.

धंद्याची गोष्ट याहून उत्साहवर्धक आहे. बेंगळुरूतच ‘दुकान’ नावाची कंपनी आहे. तिच्या चालकाने 2023 च्या जुलैत जाहीर केले, की ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्यांपैकी 90 टक्के लोकांना घरी पाठवून त्यांचे काम बॉटकडे दिले आहे. पूर्वी पहिले उत्तर मिळायला 1 मिनिट 44 सेकंद लागत, ते आता तत्काळ मिळते. तक्रार निकालात निघायला 2 तास 13 मिनिटे लागत, ती आता 3 मिनिटे 12 सेकंदांत निघते. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. दुकान बंद करण्याला आपण पूर्वीपासून दुकान वाढवणेच म्हणत आलो आहोत. 90 टक्के माणसांपुरते ते वाढवले गेले, एवढेच.

कॅनडात मात्र अजून अंधार आहे. तिथे एअर कॅनडाच्या बॉटने एका प्रवाशाला तिकिटाच्या सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली. कंपनीचा बचाव असा, की बॉटच्या बोलण्याला ती जबाबदार नाही. 2024 च्या फेब्रुवारीत तिथल्या न्यायाधिकरणाने तो धुडकावला आणि पैसे भरायला लावले. थोडक्यात, कंपनीलाच बाकावर आणून बसवले, मावशीपुढे. असे निवाडे पसरू लागले तर या यंत्राचा जो खरा लाभ, म्हणजे चूक झाली आणि केली कोणी नाही, तोच हातचा जाईल.

कामे जाणार म्हणून ओरडणाऱ्यांना आपल्याकडे एक जुने उत्तर आहे : जात्यातले रडतात, सुपातले हसतात. कॉल सेंटरवाले, भाषांतरकार, मुद्रितशोधक सध्या जात्यात आहेत. आम्ही लेख लिहिणारे सुपात बसून हसतो आहोत. हसण्याचा आमचा हक्क तर नावातच आहे. जोयडा हा मूळचा सुपे तालुका. काळी नदीवर धरण झाले, त्या पाण्यात सुपे गाव बुडाले, माणसे रामनगरला नेऊन बसवली आणि कचेरी जोयड्याला आली. म्हातारी माणसे अजून एवढेच म्हणतात, “सुपे गेले.” ऐकणारा पुढे काही विचारत नाही. यंत्राला सांगून पाहा. ते अदबीने विचारपूस करील, कुठे गेले, कोणत्या गाडीने, आणि परतीचे तिकीट काढायचे का.