हिवरा आश्रमात बसून तालमूद आणि चित्रलिपी : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी? मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमात राहणाऱ्या, सोयाबीन काढून, हरभरा पेरून मोकळ्या झालेल्या आणि जेवणानंतर रील बघून कंटाळलेल्या कोणाही माणसासाठी. हिब्रू यायलाच हवी असं नाही. चित्रलिपी येत नाही याचीही लाज नको. इजिप्तमध्ये तिच्यातला शेवटचा ज्ञात लेख इ.स. ३९४ मध्ये कोरला गेला आणि १८२२ मध्ये फ्रेंच विद्वान शांपोलियोंला ती वाचण्याची किल्ली सापडली. मधली चौदाशे वर्षं खुद्द इजिप्तमध्येही ती कोणाला वाचता येत नव्हती.

पूर्वतयारी सोपी आहे. सापडेल ते डाउनलोड करा. दोन शब्दकोश, चार अ‍ॅप, हजार-हजार पानांच्या पीडीएफ. ‘स्टोरेज फुल’ असा मेसेज आला की अभ्यासाला सुरुवात झाली असं समजा. बहुतेकांचा अभ्यास इथेच पूर्णही होतो. त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

उरलेल्यांनी ‘सेफारिया’ उघडावं. ते फुकट आहे. तोरा, मिश्ना, तालमूद हे ज्यूंचे धर्मग्रंथ, त्यांवरची भाष्यं आणि त्या भाष्यांवरची भाष्यं तिथे आहेत. एका ओळीवर बोट ठेवलं की तिच्याशी जोडलेलं सगळं शेजारी उघडतं. मूळ मजकूर हिब्रू-अरामीत, आणि २०१७ पासून स्टाइनसाल्त्झ यांच्या आवृत्तीचं इंग्रजी भाषांतरही तिथे खुलं आहे. तालमूदातला ‘बेराखोत’ हा भाग निवडा. पहिलं पान शोधू नका. ते नाहीच, छापील परंपरेत मोजणी दुसऱ्या पानापासून सुरू होते. डाउनलोड अर्धवट झालं म्हणून दुकानदाराकडे जाऊन वाद घातलात तर तो तुमचाच अडाणीपणा.

पहिलाच प्रश्न असा : संध्याकाळची ‘शमा’ ही प्रार्थना कधीपासून कधीपर्यंत म्हणता येते? एक गुरुजी म्हणतात, रात्रीचा पहिला प्रहर संपेपर्यंत. बाकीचे म्हणतात, मध्यरात्रीपर्यंत. रब्बान गम्लिएल म्हणतात, पहाट फुटेपर्यंत. आणि लगेच किस्सा येतो. याच गम्लिएलची मुलं मेजवानी झोडून उशिरा घरी आली आणि बापाला म्हणाली, आमची शमा म्हणायची राहिली. बाप म्हणाला, उजाडलं नसेल तर अजून म्हणावीच लागेल. चिखलीची वरात आटोपून रात्री दोनला मोटरसायकल बंद करून ढकलत अंगणात आणणाऱ्या पोराला हे पान भाष्याशिवाय कळतं.

तालमूदाचं रोज एक पान वाचायचा जगभर नेम आहे. पानं २,७११, म्हणजे जवळजवळ साडेसात वर्षं. चालू फेरी ५ जानेवारी २०२० ला सुरू झाली, ती जून २०२७ मध्ये संपते. शेगाव आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे ‘गजानन विजय’चे एकवीस अध्याय एका बैठकीत वाचणारी माणसं घरोघरी आहेत. त्यांनी हा हिशेब ऐकून हसू नये. तालमूदवाल्यांना भांडायलाही वेळ लागतो.

आता चित्रलिपी. गूगलचं ‘फॅब्रिशियस’ २०२० पासून आहे. त्यावर चिन्हं गिरवा, मित्रांना चित्रांतून निरोप पाठवा, तेवढ्यापुरतं ठीक. गंभीर माणसासाठी बर्लिनकडचा ‘थिसॉरस लिंग्वे एजिप्टिए’ हा कोश. चिन्हांना इजिप्तचे अभ्यासक गार्डिनर यांच्या यादीतले क्रमांक असतात. ‘जी १७’ म्हणजे घुबड आणि त्याचा उच्चार ‘म’. स्वर लिहीतच नाहीत, ते अंदाजाने घालायचे. पशुपक्षी ज्या बाजूला तोंड करून बसलेत त्या बाजूने वाचायला लागा. फोनमध्ये फॉण्ट नसेल तर नुसते चौकोन दिसतील. त्यांचा अर्थ लावत बसू नका. (ही चिन्हं युनिकोडमध्ये २००९ साली आली. आपल्या मोडीचा नंबर लागला २०१४ ला, इजिप्तच्या फारो राजांनंतर पाच वर्षांनी.)

घरच्यांचा विरोध गृहीत धरा.

“फोनात घुबड कायले ठुलं रे?”

“घुबड नाही आई, तो ‘म’ आहे.”

“म काढाले दुसरं काही नाही भेटलं त्याईले?”

या प्रश्नाचं उत्तर गार्डिनर यांच्याकडेही नाही.

पहिला धडा म्हणून मर्नेप्ताह राजाचा शिलालेख घ्या. तो इ.स.पू. १२०८ च्या सुमाराचा, उत्खनन करणाऱ्या पेट्री यांना १८९६ मध्ये थेब्जला सापडला, आता कैरोत आहे. शेवटी हरवलेल्यांची यादी आहे. अश्कलोन, गेझेर, यानोआम या नावांच्या शेवटी तीन टेकड्यांचं चिन्ह आहे. ते उच्चारायचं नाही, ‘हा मुलूख’ एवढंच समजायचं. पुढचं नाव इस्राएल. तिथे टेकड्या नाहीत. एक बसलेला पुरुष, एक बसलेली बाई, खाली तीन रेघा : म्हणजे लोक. फारोच्या कारकुनाने या लोकांचं बीही उरलं नाही असं कोरून ठेवलंय. कागदोपत्री मेलेला म्हातारा हयातीचा दाखला मागायला तहसीलमध्ये उभा राहावा, तसे ते लोक पुढची तीन हजार वर्षं उभेच आहेत.

त्यांतले काही आपल्या कोकणातही आले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. ते स्वतःला बेने इस्रायल म्हणतात. त्यांची परंपरा सांगते की नवगावजवळ जहाज फुटलं, पोथ्या बुडाल्या, आणि आठवणीत उरलेल्या मोजक्या गोष्टींत शमा होती. म्हणजे तालमूद जिच्या वेळेवरून वाद घालत सुरू होतो तीच प्रार्थना या मंडळींनी अलिबागच्या बाजूला तालमूदशिवाय सांभाळली.

म्हणून खरा सल्ला आता देतो, इतका उशिरा दिल्याबद्दल रागावू नका. इजिप्तमधून सुटकेची कथा ज्यात सांगतात तो ‘हग्गादा’ हा ग्रंथ मराठीत आहे. एक आवृत्ती मुंबईत १८४६ मध्ये निघाली, दुसरी पुण्यात १८७४ मध्ये. पुण्याच्या प्रतीतल्या चित्रात या सुटकेच्या सणाच्या भाकरी करणाऱ्या बायका साडीत आहेत. जुन्या हग्गादांची स्कॅन केलेली पानं इस्रायलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर पाहायला मिळतात. पुण्याची प्रत तिथेच आधी शोधा. सापडली की चित्र बोटांनी मोठं करा, मग देवनागरी वाचा, मग हिब्रूकडे वळा. अडलात तर घरातल्या सगळ्यात लहान पोराला प्रश्न विचारू द्या, या ग्रंथाची रीतच तशी आहे. फक्त त्याच्या हातात फोन देऊ नका, परत मिळत नाही.