मागच्या दाराचं गिऱ्हाईक

महाराष्ट्रात दारूबंदी आहे. हसू नका, कागदोपत्री खरंच आहे. 1949चा मुंबई दारूबंदी अधिनियम अजून धडधाकट आहे, फक्त त्याच्या नावातली मुंबई जाऊन तिथे महाराष्ट्र आला. या कायद्याच्या मते दारू पिणं हा गुन्हाच. पण ज्याला तब्येतीसाठी घ्यावीच लागते त्याला सरकार परवाना देतं. बरीच वर्षं त्याचा भाव ठरलेला: एका दिवसाचे 5 रुपये, वर्षाचे 100 आणि जन्मभराचे 1000. म्हणजे कर्जतच्या बाजारपेठेत दिवेलागणीला माझ्या परमिट रूममध्ये जी मंडळी बसलेली असतात ती सगळी सरकारच्या लेखी आजारी, आणि मी त्यांची शुश्रूषा करतो. आजार जुनाट आहे. पण औषधाची वेळ चुकवणारा एक पेशंट नाही.

या दवाखान्यात भरती व्हायला वय 25 लागतं. बिअर 21ला मिळते, पण व्हिस्की किंवा देशी मागायची तर पंचविशी हवी. आमदारकीला उभं राहायचं वयही 25च आहे. क्वार्टर मागणं आणि तालुक्याचं भलं करायला निघणं, दोन्हीला सरकारने सारखीच अक्कल गृहीत धरली आहे. माझ्याकडे दोन्ही प्रकारचे उमेदवार येतात, कधी कधी एकाच टेबलावर.

आजोबांच्या वेळी इथे साधी खानावळ होती. तेव्हा दारूबंदी खरोखरीची होती, 1950 सालची, कडक. घाट उतरून आलेला एखादा ड्रायव्हर जेवता जेवता हळूच विचारायचा, ‘बाकी काही मिळेल का, शेठ?’ आजोबा म्हणायचे, ‘मिळेल की, कालची उसळ आहे.’ पुढे सरकार सैल झालं, वडिलांनी परवाना काढला, आणि उसळ चखण्यात गेली.

कर्जत हे थांबण्याचं गाव. 1856 मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली, 1863 मध्ये बोरघाट चढून खंडाळ्याला पोचली. घाटाचा चढ सदतीसला एक. गाडीला मागून रेटा द्यायला बँकर इंजिनं लागतात, ती कर्जतला जोडतात, आणि तेवढा वेळ गाडी उभी राहते. त्या उभं राहण्यावर इथला बटाटावडा जगप्रसिद्ध झाला. वड्याचं बरं आहे, तो खिडकीतून घेता येतो. आमच्या मालासाठी माणसाला खाली उतरावं लागतं, आणि कर्जतला उतरलेला माणूस हमखास कुणाचा तरी ओळखीचा निघतो. अपवाद एकच, शेवटच्या लोकलचा. मुंबईतच ‘बसून’ आलेला, बदलापूरला उतरायचं ते झोपेत राहून गेलेला, आणि आता कर्जतच्या फलाटावर डोळे चोळत उभा. असा गृहस्थ मध्यरात्रीनंतर माझ्या बंद शटरवर थाप मारतो. त्याला दारू नको असते. त्याला बदलापूर हवं असतं.

तर धंद्यातली खरी अडचण म्हणजे ओळख. मोठ्या शहरात बारमालकाला गिऱ्हाइकं जमवावी लागतात. आमच्यासारख्या बाजारगावात ती एकमेकांपासून लांब ठेवावी लागतात. माझा भाचा इंग्लंडात असतो. तिथल्या एका जुन्या बाजारगावातल्या पबचे फोटो त्याने पाठवले. दारावर कुंड्या टांगलेल्या, मोठ्या खिडक्या, आत आजोबा, सून, नातू आणि एक कुत्रा, सगळे एका टेबलाभोवती. त्यानेच सांगितलं की, 1393 मध्ये दुसऱ्या रिचर्ड राजाने पबवाल्यांना दाराबाहेर पाटी लावायची सक्तीच केली होती. म्हणून तिथे पांढरं हरीण, लाल सिंह अशी चित्रांची पाटी असते, न वाचता येणाऱ्यालाही कळावी म्हणून. आमच्याकडे कुणाला काही कळू नये म्हणून खर्च होतो. काळी काच, काचेमागे पडदा, पडद्यामागे प्लायवुडची आडभिंत. तरी गिऱ्हाइकांची भीड चेपत नाही, म्हणून मागचं दार. हे दार गल्लीत उघडतं. तिथे एक पिठाची गिरणी आहे. हातात रिकामा डबा घेऊन त्या गल्लीत शिरणाऱ्या पुरुषांची संख्या बघितली तर कर्जतमध्ये बायका दळण आणतच नसाव्यात असं परक्याला वाटेल.

भाच्याला मी लिहिलं, तुमचा पबवाला आलेल्याला हाक मारून बोलावतो, आणि माझं कसब कुणालाही हाक न मारण्यात आहे.

उदाहरण सांगतो. गावातले एक सज्जन, वय साठीच्या पुढे, दर शनिवारी मागच्या दाराने येतात, कोपऱ्यातल्या टेबलावर भिंतीकडे तोंड करून बसतात. एका शनिवारी त्यांचे जावई पुढच्या दाराने आले. मुंबईला नोकरी, सासुरवाडीला मुक्काम, बरोबर कुणीतरी मित्र. मी गल्ल्यावर गार पडलो. आमचा म्हातारा वेटर मात्र गार वगैरे पडत नाही. त्याने जावयांना ‘साहेब, इकडे पंखा चांगला आहे’ म्हणत आतल्या खोलीत नेलं, आणि सासऱ्यांच्या खुर्चीमागे बिअरचे रिकामे क्रेट एकावर एक रचले. छातीएवढी भिंत झाली. भिंतीपलीकडून सासऱ्यांना जावयाचं हसणं ऐकू येत होतं, कारण त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि शेंगदाणेसुद्धा आवाज न करता चावायला लागले. जाताना गल्ल्यावर आले, पाकीट काढलं, माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘आत जे कोण बसलेत, त्यांचंही यातच घे. आणि मी आलो नव्हतो.’ दहा मिनिटांनी जावई आले. बिल झालंय म्हटल्यावर जराही दचकले नाहीत. म्हणाले, ‘मग मामांच्या खात्यावर मागचं काही असेल ते माझ्याकडून घ्या. आणि मी आलो नव्हतो.’

त्या संध्याकाळी दोघांचा हिशेब चुकता झाला आणि दुकानात कुणीच आलं नव्हतं.

मागचं काही होतंच, कारण उधारीशिवाय गावात बार चालत नाही. आमची उधारीची वही वडिलांच्या पद्धतीने चालते. तिच्यात नाव म्हणून कुणाचं लिहायचं नाही. ‘पुलाकडचे’, ‘छत्री’, ‘दोन नंबर चष्मा’ अशी खाती. एक खातं नुसतंच ‘लग्न ठरल्यापासून’ असं आहे. ‘छत्री’ ज्या पावसात छत्री विसरून गेले तो पाऊस होऊन युग लोटलं, छत्री अजून गल्ल्याखाली आहे, पण ते नेत नाहीत. नेली तर ती इथे होती हे कबूल करावं लागेल. वही एखाद्याच्या हाती लागली तर बिचाऱ्याला वाटेल, हा माणूस कविता करतो.

आमच्या खालापूरच्या भाईबंदांवर मात्र वेगळाच प्रसंग आला. चौक, खालापूर, खोपोली ही गावं जुन्या मुंबई-पुणे हायवेवरची. एक्स्प्रेसवेने आधीच त्यांची निम्मी गिऱ्हाइकं उचलून नेली होती. त्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये सांगितलं की, हायवेपासून 500 मीटरच्या आत दारू विकायची नाही. 1 एप्रिल 2017ला शटरं खाली आली. तारखेमुळे पहिला अर्धा दिवस लोकांना थट्टाच वाटली. वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला 220 मीटर, मोठ्या गावाला 500; मग जुलैत कोर्ट म्हणालं, नगरपालिकेच्या हद्दीत हे लागू नाही. म्हणजे त्याच हायवेवर खोपोलीत माणूस सुरक्षित बसू शकतो, पण चौकात टेप लावायचा! त्या महिन्यांत कुठलाही बारमालक भेटला की हातात मोजपट्टी. अंतर सरळ रेषेत धरायचं की पायी चालत, भिंतीपासून की दारापासून, यावर ज्या चर्चा ऐकल्या त्यापुढे जमिनीच्या भाऊबंदकीचे दावे सोपे. केरळात परवूरच्या एका बारने तर अंगणात भिंतींचं चक्रव्यूह बांधून पायी अंतर वाढवून घेतलं. फोटो बघून मला त्या मालकापेक्षा गिऱ्हाइकांचं कौतुक वाटलं. आत जाताना ठीक आहे हो, पण परत बाहेर? अभिमन्यूलाही ते जमलं नव्हतं.

मी बाजारपेठेच्या आत, म्हणून वाचलो. मला छळतं ते पंचांग. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. शिवाय महडचा वरदविनायक जवळच, खालापूर तालुक्यातच, त्यामुळे संकष्टीला निम्मी टेबलं रिकामी. उरलेले वार गिऱ्हाइकं मन लावून पितात. वर सरकारचे ड्राय डे: आषाढी, अनंत चतुर्दशी, 2 ऑक्टोबर, आणि दारूबंदी सप्ताह संपतो तो 8 ऑक्टोबर. 2025च्या 14 जुलैला राज्यभरच्या बारवाल्यांनी करवाढीविरुद्ध एक दिवस बंद पाळला, तेव्हा मीही शटर लावून बाहेर उभा होतो. येणारा प्रत्येक जण चेहरा पाडून विचारत होता, ‘आज कुणाची जयंती?’

या सगळ्याची भरपाई एक अमावास्या करते. आषाढातली. घरी ती दिव्याची अवस: समया घासायच्या, कणकेचे दिवे उकडायचे. बाजारात तिला गटारी म्हणतात. इकडे भाताचा मुलूख. कर्जतच्या संशोधन केंद्राने काढलेल्या भाताच्या जाती कर्जत-3, कर्जत-7 अशा गावाच्या नावानेच ओळखल्या जातात. लावणी उरकलेली असते, कंबर मोडलेली असते, श्रावण दारात उभा असतो. दुपारपासून कोंबडीच्या दुकानापुढे रांग आणि संध्याकाळी माझ्याकडे. घरचे उकडलेले दिवे मी इतक्या वर्षांत गरम कधी खाल्ले नाहीत.

अलीकडे या गर्दीत मुंबईकर मिसळले आहेत. पावसाळ्यात भिवपुरीच्या नाहीतर खोपोलीच्या झेनिथ धबधब्यावर बंदीचा हुकूम निघाला की, भिजायला आलेली ही मुलं आतून भिजायला माझ्याकडे येतात. त्याशिवाय फार्महाऊसवाले आहेत. ते पुढच्या दाराने येतात, मोठ्याने बोलतात, आणि विचारतात, ‘इथलं ऑथेंटिक काय आहे?’ म्हणजे त्यांना मोहाची हवी असते. मोहाची फुलं उन्हाळ्याच्या तोंडाला पहाटे गळतात, ठाकरवाडीतल्या बायका टोपल्या घेऊन ती वेचतात, वाळवतात, हे सगळं मी सांगतो. पण गाळलेली मोहाची ठेवली तर मला आत बसावं लागेल, तेही वेगळ्या अर्थाने. ‘मोह आवरा, बिअर घ्या,’ असं म्हणून मी बाटली उघडतो. एकाने फळीवरच्या जुन्या सोड्याच्या गोटीच्या बाटलीचा दहा बाजूंनी फोटो काढला आणि हे ठिकाण किती ‘छुपं’ आहे म्हणून खूष झाला. माझ्या अंगावर काटा आला. छुपं ठेवायला आम्ही तीन पिढ्या घालवल्या, आणि हा ते फोनवरून जगाला कळवणार.

दारूवाल्याने दारूचं गुणगान करू नये, शोभत नाही. वीटभट्टीवरून आठवड्याचा पगार घेऊन निघालेला माणूस कुठल्या दारात थबकतो आणि घरी काय पोचतं, हे मला दिसतं. तो माझ्याकडे येत नाही, देशीच्या दुकानात जातो, एवढं म्हणून मला सुटता येत नाही. म्हणून बायकांनी बाटली आडवी केल्याची बातमी आली की, मी ती पूर्ण वाचतो. गावात किंवा वॉर्डात पाव हिस्सा बायकांनी मागणी केली की, मतदान घेतात. मतपत्रिकेवर दोन चित्रं: एक उभी बाटली, एक आडवी. निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला की, दुकान बंद. साताऱ्याकडच्या जावळी तालुक्यात बायकांनी सगळ्या तालुक्यातली दुकानं अशी घालवली. इतकी साधी, सरळ मतपत्रिका मी दुसरी पाहिली नाही, आणि तिचं चित्र मला झोपेत दिसतं.

एकदा जेवताना मी बायकोला विचारलं, ‘आपल्या वॉर्डात मतदान झालं तर तू काय करशील?’

‘आडवी,’ ती म्हणाली. हातातला डावसुद्धा थांबला नाही.

‘अगं, पोरीची फी, घराचा हप्ता, तुझ्या पाटल्या...’

‘माहितीये. पण आधी निम्म्या बायका मतदानाला यायला हव्यात ना? नगरपरिषदेला तरी येतात का? म्हणून तर बिनधास्त मारणार.’ मग भात वाढता वाढता तिला काहीतरी आठवलं. ‘अहो, तुमचे ते शनिवारचे गृहस्थ, त्यांची बायको भेटली होती हळदीकुंकवाला. म्हणाली, यांच्या मागे क्रेट रचले होते म्हणे परवा. तसलं काही करू नका, यांना कंबरेचा त्रास आहे, उठताना अडखळतील. आणि जावयाला नुसत्या शेंगदाण्यांवर ठेवू नका म्हणाली. उपाशीपोटी पितो तो. एखादं अंडं तरी उकडून देत जा.’