खड्ड्यात घालायचा खेळ

माझे माहेर रोहा, सासर पेण. म्हणजे माहेरपणाला जायचे तर नागोठण्यावरून, आणि नागोठण्यावरून म्हणजे महामार्गाने. त्या महामार्गाचे चौपदरीकरण २०११ साली निघाले, तेव्हा रांगणारी पोरे आता बाइक चालवतात आणि खड्डे चुकवण्यात बापालाही हार जात नाहीत. दिवा–रोहा गाडी आहे, नाही असे नाही. पण ती आपल्या वेळेने निघते, माहेरची ओढ तिला विचारून लागत नाही. अशा बाईच्या हातात काठी देऊन कुणी म्हणावे, “मामी, चेंडू खड्ड्यात घालायचा,” म्हणजे आयुष्यभराच्या साधनेवर पाणीच की.

असे म्हणणारा माझ्या नणंदेचा मुलगा. इंग्लंडात असतो. आम्हा तिघांना, म्हणजे यांना, मला आणि वन्संना, त्याने एका रविवारी हेस्टिंग्जला नेले. इतिहासात १०६६ च्या लढाईसाठी घोकलेले तेच हेस्टिंग्ज. आता ते समुद्रकाठचे गाव आहे. वाळूऐवजी गोटे, त्या गोट्यांवर ओढून ठेवलेल्या होड्या आणि जाळी ठेवायच्या उंच, अरुंद, काळ्या लाकडी खोल्या. थळ-वरसोलीच्या माणसाला तिथे परके वाटू नये. त्याच किनाऱ्यावर समुद्री चाच्यांचे मिनिगोल्फ आहे. २००३ पासून या खेळाची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा याच गावात भरते, हे भाच्याने सांगितले तेव्हा वन्संनी फक्त “जागतिक?” एवढेच विचारले.

खिडकीवर एकेक बुटकी काठी, रंगीत चेंडू, पुठ्ठ्याचे कार्ड आणि बोटभर पेन्सिल मिळते. पेन्सिलीला मागे रबर नसते, म्हणजे लिहिलेले लिहिले. पुढे हिरव्या गालिच्याच्या वळणावळणाच्या वाटा, मध्ये तोफ, दारूची पिंपे, कवटी, अर्धे बुडालेले गलबत आणि पांढऱ्या कपड्यांना नीळ जास्त झाल्यावर बादलीत दिसते तसले निळे पाणी. चेंडू तोफेच्या पोटातून घालवून पलीकडच्या वाटीएवढ्या खड्ड्यात पाडायचा. यांनी जोर लावला आणि चेंडू पाण्यात घातला. वन्संची गोष्ट वेगळी. तीस वर्षे पोह्याचे पापड लाटून त्यांच्या मनगटाला किती दाबायचे ते बरोबर कळते. चेंडू तोफेत शिरला, बाहेर आला, कडेला रेंगाळला आणि खड्ड्यात पडला. मागच्या इंग्रज कुटुंबाने टाळ्या वाजवल्या. वन्संनी पदर सारखा केला आणि समोरच्या एक डोळा झाकलेल्या पुतळ्याकडे बघून विचारले, “पण हा मेला कोण?”

प्रश्न बरोबर होता. या खेळाचे मूळ तसे अगदी सोज्वळ. १८६७ साली स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजमध्ये बायकांसाठी छोट्या गोल्फचे मैदान झाले. उंचवट्यांमुळे त्याला ‘हिमालय’ म्हणतात. पुढे १९२७ मध्ये अमेरिकेत एका हॉटेलवाल्याने, गार्नेट कार्टरने, ‘टॉम थंब’ नावाचे मैदान काढले. तिथल्या वाटा सरकीच्या टरफलांच्या थराने केलेल्या होत्या, हे ऐकून विदर्भातल्या माणसाचा जीव हळहळेल. चाचे त्यात नंतर शिरले. त्यांचे काम चेंडू अडवण्याचे, आणि ते उभ्या उभ्या होते.

अमेरिकेतल्या समुद्रकाठच्या मैदानांवर कॅप्टन किडचे नाव हमखास भेटते. हा विल्यम किड चाच्यांना पकडायला म्हणून राजाचे फर्मान घेऊन निघाला आणि स्वतःच चाचा झाला. १६९७ मध्ये तो कारवारला येऊन गेला आणि १६९८ च्या जानेवारीत मलबारच्या समुद्रात त्याने ‘केदा मर्चंट’ हे श्रीमंत जहाज धरले. १७०१ मध्ये लंडनला त्याला फाशी दिली. त्याच्याही आधी, १६९५ मध्ये, हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रजाने मक्केहून यात्रेकरू घेऊन सुरतेला परतणारे औरंगजेबाचे ‘गंज-ए-सवाई’ लुटले. एव्हरी कधी सापडलाच नाही. सुरतेच्या वखारीतले इंग्रज मात्र त्याच्यापायी कैदेत पडले. म्हणजे दरोडे आमच्या पाण्यात, आणि पुतळे नि आइस्क्रीमच्या गाड्या त्यांच्या किनाऱ्यावर.

आमच्याकडे या खेळाचे मैदान का नसावे, असा विचार परतीच्या विमानात डोक्यात आला आणि पेणला पोचेपर्यंत गेला नाही. खोपोली–पाली रस्त्यावरच्या इमॅजिकात होडीत बसून एकमेकांवर पाण्याचे फवारे उडवायची चाच्यांची गंमत आहे. पण ते चाचेही परदेशीच. पुतळे करायला माणसे शोधायला नकोत. हमरापूर-जोह्याला घरोघर गणपतीचे कारखाने आहेत. एक अडचण येईल. पेणच्या मूर्तीचा जीव डोळ्यांच्या आखणीत असतो. बारीक कुंचल्याने पापणीची रेघ ओढणाऱ्या त्या हाताला कितीही सांगितले की बाबा, हा दरोडेखोर आहे, तरी डोळ्यांत कृपा उतरणारच. त्यातून त्याचा एक डोळा पट्टीने झाकायचा म्हटल्यावर कारागीर निम्मी मजुरी घेईल की दुप्पट मागेल, सांगता येत नाही. पावसाचे चार महिने सगळे ताडपत्रीखाली, आणि गालिच्यावर शेवाळ.

खरी अडचण पुढे आहे. चाचा म्हणून उभा कुणाला करायचा? इंग्रजांच्या कागदांत या किनाऱ्यावरचा मोठा ‘चाचा’ म्हणजे कान्होजी आंग्रे. आमच्यासाठी ते सरखेल, मराठ्यांच्या आरमाराचे प्रमुख. अलिबागेत त्यांची समाधी आहे आणि १९५१ पासून मुंबईतला नौदलाचा तळ त्यांचे नाव लावतो. त्यांच्या पायांमधून चेंडू घालवायचा? अलिबागपर्यंत जायला नको, पेणच्या नाक्यावरच आमचे मैदान उखडले जाईल, आणि उखडणाऱ्यांत मीही असेन. सरखेलांना घ्यायचे तर खिडकीवर, मालक म्हणून. त्यांच्या समुद्रात फिरणाऱ्या गलबतांना त्यांचे दस्तक लागे. आमच्या कार्डालाही दस्तकच म्हणायचे. ज्याच्याकडे नसेल त्याचा चेंडू जप्त. इंग्रजांनी तेव्हा ते घ्यायला नकार दिला होता आणि पुढचे सगळे भांडण तिथूनच वाढले.

मग खड्डे आपोआप सुचत जातात. कुलाबा किल्ल्याचा खड्डा ओहोटीलाच उघडेल, म्हणून तिकिटाबरोबर पंचांग. कुंडलिकेचा खड्डा सकाळचा, कारण कोलाडला राफ्टिंगवाल्यांसाठी नदी वाहते ती भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सोडले की. खांदेरीच्या खड्ड्याशी तिथल्या खडकासारखा ठोकला की धातूसारखा वाजणारा दगड हवा. तिथून १७१८ साली इंग्रज हात हलवत परतले, तेव्हा पाहुण्यांनी हरले तरी वाईट वाटून घेऊ नये. आणि एक खड्डा जोडीने खेळायचा, १७२१ चा. त्या वर्षी इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागेवर चालून आले, आपटले आणि आपसांतच भांडले. क्लेमंट डाउनिंग या इंग्रजाने १७३७ च्या आपल्या पुस्तकात लिहिले आहे की कमोडोर मॅथ्यूजने रागाच्या भरात हातातली काठी पोर्तुगीज सेनापतीच्या तोंडात खुपसली. काठीचा असा वापर केल्यास आमच्याकडे दोन गुण कापले जातील.

ही सगळी योजना मी जेवताना मांडली. हे म्हणाले, जागा कुठे आहे? मी अंतोऱ्याच्या जुन्या बंदराकडे बोट दाखवले. हे म्हणाले, तिथे खाजण आहे. मी म्हटले, मग खोदायला नको.

शेवटचा खड्डा जंजिऱ्याचा. हेस्टिंग्जला शेवटच्या खड्ड्यात गेलेला चेंडू नळीतून थेट त्यांच्या खोलीत जातो, म्हणजे आणखी एक डाव फुकट खेळायची सोय नाही. जंजिऱ्याला नळीची गरजच नाही, कारण तिथे नियम असा की चेंडू आत जातच नाही. शिवाजी महाराजांनी जंग जंग पछाडले, संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये खाडीत दगडांचा भराव घालायला घेतला, तरी सिद्दी आत तो आतच.

“मग पैसे देऊन खेळायचं कशाला?” यांनी विचारले.

“राजपुरीहून होडीला पैसे देऊन जिंकता न आलेला किल्लाच बघायला जातो ना आपण?”

वन्सं इतका वेळ आमटी वाढत होत्या. त्यांनी पळी भांड्यात ठेवली. “वहिनी, उतार कुठल्या बाजूला देणार आहेस ते आधी सांग,” त्या म्हणाल्या, “मग बघते कसा जात नाही ते.”