सायकल म्हणावी तर…

मोटार वाहन कशाला म्हणावे हे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सांगितलेच आहे. पण कशाला म्हणू नये, हा भाग जास्त रंजक आहे. चाके चारपेक्षा कमी आणि इंजिन २५ सीसीपर्यंतचे असेल, तर ती वस्तू धूर सोडत, फटफटत तुमच्या पायावरून गेली तरी कायद्याने मोटार वाहन नव्हे. विजेवर चालणाऱ्यांसाठी केंद्रीय नियमावलीत वेगळी तरतूद आहे. सायकलला लावलेली मोटर २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची हवी, ताशी २५ किलोमीटरचा वेग आला की तिने आपण होऊन अंग काढून घ्यायला हवे, आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत हवे. एवढे जमले की लायसन नको, नंबरप्लेट नको, विमा नको. तपासणी संस्थेचा दाखला मात्र हवा, असेही त्यात म्हटले आहे. पण बहुतेक उत्साही माणसे तिथवर वाचतच नाहीत. ती त्याआधीच मोटर आणि वायरी घ्यायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला पोचलेली असतात.

मीही पोचलो. घरून निघताना कारण सांगितले ते चढाचे. "सायकलला मोटर असली की चढावर दम लागत नाही."

"करावे गावात चढ कुठे आहे?" बायकोने विचारले.

प्रश्न भूगोलाचा होता आणि रास्त होता. नवी मुंबईतला खाडीकाठचा मुलूख तो. एका बाजूला पाम बीच रोड, पलीकडे तिवरे आणि फ्लेमिंगो. गावठाणात घराला घर चिकटलेले, आणि मधल्या गल्ल्यांतून दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीने नात्यागोत्याचा विचार करून मागे जायचे, अशी पद्धत. चढ म्हणून दाखवायला एखादा पूल. तेव्हा मी कारण बदलले आणि म्हणालो, "तुझ्यासाठीच करतोय. बाजारहाट सोपा होईल."

हे कारण मला आयते सुचले खरे, पण त्याला मोठी परंपरा आहे. १९४६ साली जपानमध्ये सोइचिरो होंडा नावाच्या गृहस्थांनी लष्कराच्या वायरलेस संचाची शिल्लक राहिलेली छोटी इंजिने मिळवली आणि ती सायकलींना बसवली. पेट्रोलची टाकी म्हणून त्यांनी पहिल्यांदा वापरली ती अंथरूण गरम करायची गरम पाण्याची बाटली. बायको साची सायकल दामटत लांबलांब जाऊन धान्य-भाजी आणते, तिचे हाल बघवेनात, म्हणून हा खटाटोप, असे ते सांगत. साचीबाईंनी पुढे स्वतःच खुलासा केला, की हे बरेचसे नंतर रचलेले. बाईमाणसाला ही गाडी झेपते का, हे होंडांना बघायचे होते. चाचणीला त्या चांगल्यातली तुमान घालून गेल्या आणि ती तेलाने माखून परत आल्या.

ही हकिकत मी घरी सांगितली. त्यातले तेवढे तुमानीचेच हिच्या लक्षात राहिले. शिवाय डाळीचा मोठा प्लॅस्टिकचा डबा बॅटरीसाठी रिकामा करताना मी गरम पाण्याच्या बाटलीचा दाखला दिला, तो काही फारसा चालला नाही.

आता प्रत्यक्ष कामाचे. मोटर म्हणजे मागच्या चाकाचा हबच. ताटाएवढी चपटी, बऱ्यापैकी जड. ती रिममध्ये बसवायची तर जुने स्पोक चालत नाहीत, कारण हब फुगला की स्पोकची लांबी कमी होते. आखूड स्पोक आणून चाक नव्याने विणायचे, आणि मग त्याचा आउट काढायचा. आउट काढणे ही कला आहे. आमच्या कोपऱ्यावरचा सायकलवाला चाक स्टँडला लावतो, बोटाने फिरवतो, एक डोळा मिटतो आणि कुठल्याशा स्पोकला पाव फेरा देतो. तो पाव फेरा नेमका त्याच स्पोकला का, हे त्याने आजवर कोणाला सांगितलेले नाही. मोटर बघून त्याने विचारले, "मग पायडल कशाला ठेवलंत?"

"कायद्यासाठी," मी म्हणालो. तो हसला नाही. त्याने आणखी एका स्पोकला पाव फेरा दिला.

मोटरमधून तीन जाड वायरी बाहेर येतात: पिवळी, हिरवी, निळी. त्यांच्यासोबत पाच बारीक: लाल, काळी, आणि पुन्हा पिवळी, हिरवी, निळी. या बारीक वायरी आतल्या सेन्सरच्या. चाकातली चुंबके कुठवर आली ते त्या कंट्रोलरला कळवतात आणि तो त्या हिशेबाने जाड वायरींत वीज सोडतो. रंगाला रंग जोडला की झाले, असे वाटते. पण मोटर एका कारखान्याची आणि कंट्रोलर दुसऱ्याचा असेल, तर पिवळ्याचे पिवळ्याशी जमेलच असे नाही. तीन जाड वायरी सहा प्रकारे जोडता येतात, सेन्सरच्या तीन सहा प्रकारे. म्हणजे एकूण ३६ स्थळे. त्यातली काही उत्तम जुळतात, काहींत चाक जागच्या जागी गुरगुरते, आणि काहींत ते अगदी आनंदाने उलटे फिरते.

आमचे उलटे फिरले तेव्हा बघायला गल्लीतली निम्मी माणसे जमली होती. मी घाईने बंद करायला गेलो, तर शेजारचे दादा म्हणाले, "असू दे की! स्कूटरला कुठे रिव्हर्स असतो?" आणि ही सोय गावातल्या गल्ल्यांत किती कामाची आहे, यावर तिथल्या तिथे चर्चा सुरू झाली. सुलटे चाक फिरले ते सगळे पांगल्यावर. मला वाटते, थोडी निराशाच झाली असती त्यांची.

गावातल्या एका वयस्कर काकांनी मात्र लांबूनच निकाल दिला: "ही तं लुनाच हाय!"

त्यांचे खोटे नव्हते. १९७२ साली फिरोदियांच्या किनेटिक इंजिनिअरिंगने लुना आणली, ती इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या 'चाओ' मोपेडवरून बेतलेली. अहमदनगरच्या कारखान्यातून निघालेल्या त्या पन्नास सीसीच्या गाडीने शिक्षक, पोस्टमन, एलआयसी एजंट आणि दूधवाले असा अर्धा महाराष्ट्र वाहून नेला. तिलाही पायडल होते. पेट्रोल संपले की लुनावाला खाली न उतरता, चेहऱ्यावर काही न दाखवता पायडल मारू लागे, आणि बघणाऱ्याला वाटे, याची लुना काय शांत चालते! २०२४ मध्ये लुना बॅटरीवर परत आली. काकांच्या मते मी तिच्याशी स्पर्धा करायला नको होती.

पाम बीच रोडवर पहाटे घट्ट कपड्यांतले सायकलस्वार निघतात. हेल्मेट, गॉगल, पाठीवर केळे. त्यांच्यातल्या एका दमलेल्या गृहस्थांना मी मागे टाकले. अंगात ऑफिसचा शर्ट, हँडलला भाजीची पिशवी, कपाळावर घामाचा टिपूस नाही. त्यांनी आधी माझ्या पिंढऱ्या पाहिल्या. तिथे काही उलगडा होईना, तेव्हा नजर मागच्या चाकाकडे गेली आणि चेहरा निवळला. मग त्यांनी जोर लावून मला गाठले आणि विचारले, "कितीला पडली?" मी आकडा सांगितला. त्यांनी त्यांच्या सायकलचा सांगितला. तेवढ्यात चांगली पेट्रोल स्कूटर आली असती, आणि त्यांच्या सायकलला तर मोटरही नव्हती! आम्ही दोघांनी एकमेकांकडे कमालीच्या सहानुभूतीने पाहिले. माझी मोटर पंचविसाला गप्प होते. ते तिसाला गेले आणि दिसेनासे झाले.

हे सगळे ठीक. खरा पेच आला सोसायटीत. नियमाप्रमाणे दुचाकीला पार्किंगचे मासिक भाडे, सायकलला फुकट. खजिनदार म्हणाले, मोटर आहे म्हणजे गाडी. मी नियमावलीचे पान पुढे केले. सेक्रेटरी निवृत्त कोर्ट क्लार्क, त्यांनी ते पान शेवटपर्यंत वाचले आणि विचारले, "तपासणीचा दाखला?" तो नव्हता. म्हणजे गाडी नव्हे हे सिद्ध होत नव्हते. पण नोंदणी नव्हती, म्हणून गाडी आहे हेही ठरेना. कोणी म्हणाले, जाताना पायडल मारत गेले तर सायकल धरा, येताना मोटर चालू असेल तर गाडी. वॉचमनने रोज नोंद ठेवावी. वॉचमनने तत्काळ वेगळ्या पगाराची गोष्ट काढली.

शेवटी अर्धे भाडे ठरले, आणि अर्धे भाडे म्हणून अर्धीच जागा. मोटर ज्यात आहे ते मागचे चाक दुचाकीच्या पांढऱ्या पट्ट्याच्या आत, भाड्याने. पुढचे चाक शेजारच्या सायकल स्टँडमध्ये, फुकट.